पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांसाठी दोन तास राखून ठेवा

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला, ही बातमी आपण वर्षानुवर्षे छापता आणि ती वाचून ऊर भरून येतो. त्याच मुलांचा एफवायच्या (पदवीच्या पहिल्या वर्षाच्या) पहिल्या सेमिस्टरचा निकाल मात्र कुणी बघत नाही. बारावीला चांगले टक्के मिळवलेली मुलगी एफवायबीएस्सीला दोन विषयांत अडकते. घरात तिच्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नसेल, तर एटीकेटी म्हणजे पुढच्या वर्गात जाऊन विषय सोडवता येतो, हे सांगणारं कुणी नसतं. घरी 'नापास' एवढंच कळतं. 'हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे' असं ती तिथेच ठरवून टाकते. बुद्धी कमी पडलेली नसते, अडचणीचा अर्थ चुकीचा लावलेला असतो.

यावर कॉलेजांचा ठरलेला उपाय म्हणजे सभागृहात प्रेरणादायी व्याख्यान. आमचं स्पष्ट मत आहे की त्याने काही साधत नाही. वक्ता मोठा माणूस, त्याची गोष्ट मोठी. समोरच्या मुलाला ती स्वतःची वाटत नाही. दोन वर्षं पुढे असलेल्या, त्याच एसटीने येणाऱ्या ताईचं बोलणं पटतं. अमेरिकेत निकोल स्टीफन्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग हेच दाखवतो. नव्या विद्यार्थ्यांना सीनियर मुलांच्या गटाचं बोलणं तासभर ऐकवलं. घरच्या परिस्थितीमुळे काय अडलं आणि त्यावर काय केलं, हे ज्यांनी ऐकलं त्यांच्यात पहिल्या पिढीच्या, म्हणजे आईवडील कॉलेज न शिकलेल्या, आणि इतर मुलांच्या गुणांतलं अंतर वर्षअखेर बरंच कमी झालं. कारणही समजलं: ही मुलं प्राध्यापकांकडे मदत मागायला जाऊ लागली.

आपल्याकडे हे करायला खर्च नाही, दोन तास लागतात. पहिला तास कॉलेज सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ठेवावा. स्वागताच्या दिवशी नको, कारण तेव्हा मुलं दाखले आणि ओळखपत्राच्या रांगेत असतात आणि अजून काही अडलेलंही नसतं. वर्ग पंचवीस-तीसांचा. टीवायचे (तिसऱ्या वर्षाचे) चार विद्यार्थी बोलवावेत. त्यांतले दोघं पहिल्या पिढीचे, दोघं शिकलेल्या घरातले, म्हणजे अडचण सगळ्यांनाच येते पण वेगवेगळी येते, हे दिसतं. एकाने तरी एटीकेटी सोडवलेली असावी. नुसते टॉपर आणले की सगळं फसतं. प्रत्येकाने पाच-सहा मिनिटांत तीनच गोष्टी सांगायच्या: काय अडलं, कुणाकडे गेलो, सुटायला किती दिवस लागले. 'गरिबीवर मात' असलं काही नको. ऐकणाऱ्याला त्यात स्वतःची कीव ऐकू येते.

दुसऱ्या तासाला प्रत्येकाने पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलाला एक पानभर पत्र लिहायचं. मराठीत लिहा, मालवणीत लिहा, शुद्धलेखन तपासायचं नाही, गुण द्यायचे नाहीत. दुसऱ्याला समजावताना माणूस स्वतःला समजावतो, म्हणून हे लिहून घेणं ऐकण्याइतकंच महत्त्वाचं. दोन्ही तास वेळापत्रकातच बसवावेत. कॉलेज सुटल्यावर ठेवले तर गाडी चुकेल म्हणून जी मुलं निघून जातात, नेमकी त्यांच्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

पण खरी कसोटी पहिल्या चाचणीचे पेपर परत देताना लागते. लाल शाईत '९/२०' आणि 'अभ्यास करा' एवढंच दिलं, तर आधीचे दोन तास वाया गेले. मुलगी अभ्यास करतच असते, पद्धत चुकते. बहुतेकदा तिला विषय येतो, इंग्रजी येत नाही: त्वरण कळलेलं असतं, ॲक्सिलरेशनची व्याख्या इंग्रजीत लिहिता येत नाही. तिला वहीच्या डाव्या पानावर मराठी शब्द आणि उजव्या पानावर इंग्रजी व्याख्या लिहायला सांगावी, दर आठवड्याला दहा शब्द. पेपरवर नेमकी चुकलेली पायरी दाखवून लिहावं, 'माझी अपेक्षा जास्त आहे आणि तुला ते जमेल, म्हणून एवढ्या खुणा केल्या आहेत. गुरुवारी ही वही घेऊन ये.' वार घातला की मुलं येतात. 'कधीही या' म्हटलं की कुणी येत नाही. आणि शिकवताना 'हे तर सोपंच आहे' हे वाक्य कृपा करून टाळावं. ज्याला ते कळलेलं नाही तो त्यानंतर हात वर करत नाही.

अपेक्षाही अवास्तव नको. अमेरिकेतच नववीच्या सुमारे १२ हजार मुलांवर झालेल्या २०१९ च्या अभ्यासात, 'बुद्धी मेहनतीने वाढवता येते' ही मानसिकता शिकवणाऱ्या, एका तासाहून कमी वेळाच्या ऑनलाइन प्रशिक्षणाने कमी गुणांच्या मुलांची सरासरी श्रेणी सुमारे चारच्या मोजपट्टीवर ०.१ च्या आसपासच वाढली. तीही मुख्यतः जिथे बरोबरीची मुलं आव्हान घ्यायला साथ देत होती तिथे.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. कॉलेज सुरू होतं तेव्हा लावणी, पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षेला भातकापणी, दुसऱ्या सेमिस्टरला आंबा. वर्गात गैरहजर मुलगा आळशी नसतो, शेतात असतो. परीक्षेचे आठवडे पालकांना जूनमध्येच कळले तर घरची कामं बरीच मागेपुढे करता येतात. पालकसभा वाडीवर घ्यावी आणि शक्यतो गणपतीत, कारण शिक्षणाचा निर्णय अनेक घरांत मुंबईचा काका घेतो आणि तो तेव्हाच भेटतो.

महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज अडकलेल्या मुलाला मात्र आधी मानसिकता शिकवू नये. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर, आधारशी जोडलेलं बँक खातं, यांतलं काय राहिलंय ते त्याच्याबरोबर बसून बघावं. प्राचार्यांनी या कामासाठी एक लिपिक आणि टीवायची दोन मुलं जुलैतच नेमून द्यावीत.

आपले,
रत्नागिरी जिल्ह्यातील काही महाविद्यालयीन शिक्षक