पान्यावर पाय देऊ नकोस

चि. पोरी,

काल फोनवर म्हणालीस की यावेळी बाईकचं ऑइल मी घरीच बदलणार, तेव्हा मी नुसतं बरं म्हटलं, कारण बाबा शेजारीच बसले होते आणि त्यांनी लगेच माझा तो किस्सा काढला असता. तो मीच सांगते, निदान तिखटमीठ तरी लागणार नाही.

पहिल्यांदा ऑइल बदललं तेव्हा सगळं मस्त जमलं होतं. जुनं ऑइल निथळलं, आता फक्त खालचा ड्रेन बोल्ट, म्हणजे ऑइल काढायच्या भोकाचा बोल्ट, परत लावायचा, आणि तिथे डोक्यात आलं की हा रस्त्यात सुटला तर? सगळं ऑइल गळणार, इंजिन जाम. म्हणून घेतला लांब पाना आणि त्यावर चक्क पाय दिला. आधी जड जात होता, मग एकदम हलका झाला आणि नुसताच गोल फिरायला लागला... बोल्ट स्टीलचा आणि इंजिनचं केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं, म्हणजे भांडणात कोण हरणार ते ठरलेलंच. आतले आटे गेले. मग गाडी ढकलत नेली, मोठ्या मापाचे आटे पाडून घेतले, मोठा बोल्ट बसवला. बाबा हसले नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हा कळलं की ऑइल बोल्टच्या जोरावर अडत नाही, बोल्टखालच्या चकतीवर, वॉशरवर अडतं. तो तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर दाबला जाऊन फट बंद करतो, एकदा दाबला गेला की काम संपलं, म्हणून दरवेळी नवीन टाक. बोल्ट आधी बोटांनीच तीन-चार फेरे आत जाऊ दे, अडला तर जोर लावू नकोस, तिरका बसलाय, काढ आणि परत लाव. मग छोटा पाना, तोही बोल्टच्या जवळ धरून. वॉशर दाबला गेल्याचं हाताला कळतं, तिथून थोडंसंच. किती आवळायचा त्याचा न्यूटन मीटरमधला आकडा मॅन्युअलमध्ये असतो, कोणाकडे टॉर्क रेंच, म्हणजे तेवढाच जोर मोजून लावता येणारा पाना, मिळाला तर उत्तमच. आणि हो, वरून वाकून हात खाली घातलास की उलटसुलट गोंधळ होतो, सोडायच्या नादात आवळला जातो. खाली डोकं घालून बोल्टकडे समोरून बघ, मग घड्याळाच्या उलट फिरव.

बाकी सोपं आहे. गाडी तीन-चार मिनिटं चालू ठेव, कोमट ऑइल पातळ होऊन भराभर येतं, पण लांबून फिरून आल्या आल्या करू नकोस, हात भाजेल. गाडी सरळ उभी हवी, ऑइल ओतायचं वरचं झाकण उघडं ठेव. ऑइल काळं निघालं म्हणून घाबरू नकोस, काजळी स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. दुधाळ दिसलं तर मात्र आत पाणी शिरलंय, आणि धातूचे चमकणारे तुकडे दिसले तर थांब, मेकॅनिकला दाखव.

नवीन ऑइल मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं घे, 10डब्ल्यू-30 म्हटलं असेल तर तेच. डब्यावर जासो एमए किंवा एमए 2 (JASO MA, MA2) लिहिलंय ना बघ, ती अशा बाईकच्या ऑइलची खूण. तुझ्या बाईकचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, कारचं ऑइल टाकलंस तर क्लच प्लेट घसरू शकतात. फिल्टर बदलणार असशील तर जुनी ओ-रिंग (रबरी कडं) आत चिकटून राहिली नाही ना ते बोट फिरवून बघ, आणि नवीन रिंगला थोडं ऑइल लाव.

किती ओतायचं यात बरेच जण फसतात, कारण मॅन्युअलमध्ये आकडे दोन-तीन असतात, एक नुसतं ऑइल बदलताना, एक फिल्टरसकट, आणि सगळ्यात मोठा पूर्ण इंजिन खोललं असेल तेव्हाचा. तो मोठा वाचून ओतलंस की जास्त होणार, आणि जास्त ऑइल म्हणजे आत फेस, सीलवर दाब. थोडं कमीच ओत, दोन-तीन मिनिटं इंजिन चालव, बंद करून तेवढाच वेळ थांब, मग लेव्हल बघून वाढव. डिपस्टिक, म्हणजे लेव्हल बघायची काडी, आटे फिरवून बघायची की नुसती टेकवायची हे गाडीगाडीवर आहे, तेही मॅन्युअलमध्ये बघ.

जुनं ऑइल गटारात अजिबात नाही. कॅनमध्ये भर, झाकण लाव आणि वापरलेलं ऑइल घेणाऱ्यांकडे दे.

रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवून ठेव. सकाळी कोरडा निघाला तर फोटो पाठव, बाबांना दाखवायचाय.

तुझी,
आई