विषय: इलेक्ट्रिक गाडी ८० च्या पुढं गेली की मागच्या सीटवरचं बोलणं पुढं ऐकू येत नाही, आणि तुम्ही माझी तक्रार परस्पर बंद केली

आत्ता दहा मिनिटांपूर्वी तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवलाय आणि लगेच लिहायला बसलोय, त्यामुळं भाषा जरा इकडंतिकडं झाली तर झाली. ही माझी चौथी तक्रार. आधीच्या तीन तुमच्या ॲपमध्ये 'निकाली' दिसतायत. कुणी निकाली काढल्या, गाडीला हात कुणी लावला, ते तुम्हीच शोधा.

गाडी कुठली ते नंबरवरून कळेलच. टॉप मॉडेल, मोठी बॅटरी, वर ते ज्यादा पैसे घेऊन दिलेलं कम्फर्ट पॅक. पाडव्याला डिलिव्हरी घेतली, आज ११,४०० किलोमीटर झालेत. कोल्हापुरात, गावात, गाडीला नाव ठेवायला जागा नाही, हे आधीच सांगतो. रंकाळ्याला फेरी मारा, राजारामपुरीच्या गर्दीत घाला, लोण्यागत चालते. डिझेलचा खर्च वाचतोय तो पण वाचतोय. तक्रार सुरू होते तावडे हॉटेलच्या पुढं, पुण्याच्या हायवेला लागलं की. पंचगंगेचा पूल ओलांडला, शिरोली मागं पडली आणि काटा ७० च्या वर गेला की मागून एक घुमारा चालू होतो, ८० ला तो सगळ्या गाडीत भरतो आणि ९०-१०० ला पिठाच्या गिरणीत बसल्यागत होतं. पुढच्या सीटवर एवढं नाही. मागं बसा म्हणजे कळेल. हे वाक्य मी तुमच्या माणसांना किती वेळा बोललो असेन त्याचा हिशेब नाही, आणि आजपर्यंत तुमचा एकही माणूस माझ्या गाडीत मागं बसलेला नाही.

टेस्ट ड्राइव्ह दिली होती की, म्हणाल. दिली. शोरूमपासून कावळा नाका आणि परत. त्यात ४० च्या वर कुठं जाणार? तुमचा सेल्सवाला काच वर करून म्हणाला, 'ऐका सर, शांतता ऐका.' ऐकली. तेवढ्यासाठी १९ लाख मोजले.

आता खरी गोष्ट सांगतो, मी एवढा का चिडलोय ती. गेल्या महिन्यात आईला घेऊन पुण्याला निघालो होतो. वय ७४, मागं बसलेली. पेठ नाक्याच्या पुढं कुठंतरी तिला मळमळायला लागलं. ती म्हणाली गाडी थांबीव. मला ऐकू आलं नाही. परत म्हणाली. मी आरशात बघितलं, तोंड हलतंय, मला वाटलं जपमाळ चाललीय. तिसऱ्यांदा तिनं माझ्या खांद्यावर हात मारला आणि तोपर्यंत व्हायचं ते झालं होतं. कासेगावजवळ रस्त्याच्या कडेला थांबून सीट पुसली. ती म्हणाली, 'कवाधरनं बोलायलोय रं तुला, ह्यापेक्षा यस्टीतलं ऐकू येतंय.' तुमची जाहिरात करणाऱ्यांना हे वाक्य फुकट देतो, वापरा.

तर यावर तुमच्या सर्व्हिस सेंटरनं काय काय केलं. पहिल्या वेळेला म्हणाले रस्ता खराब आहे, हायवेचं सहापदरीचं काम चाललंय. चाललंय, आम्हाला काय ते नवीन नाही, वर्षानुवर्षं डायव्हर्जन खातोय. पण त्याच रस्त्यावर, त्याच दिवशी, त्याच वेगानं मेव्हण्याची जुनी डिझेल गाडी घेऊन गेलो, मागच्या सीटवर तोच फोन ठेवून आवाज मोजला, तर तिच्यात ४ डेसिबलनं कमी. फोनचं ॲप म्हणजे लॅबचं मशीन नव्हे हे मला कळतं, पण फोन दोन्हीकडं एकच होता. आणि डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नसतं, ३ वाढले की आवाजाची ताकद दुप्पट होते, हे तुमच्या इंजिनिअर लोकांना मी सांगायचं काय? कोगनोळीच्या पुढं कर्नाटकात जाऊन बघितलं, तिथं पण तेच.

दुसऱ्या वेळेला सर्व्हिस मॅनेजर म्हणाले, 'सर, ईव्हीत इंजिनचा आवाज नसतो, म्हणून रस्त्याचा जास्त वाटतो.' हे खरंय, मान्य आहे. इंजिन गेलं की त्याच्यामागं झाकलेलं सगळं उघडं पडतं. पण मग हे गाडी बनवताना तुम्हाला माहीत नव्हतं काय? इंजिन तुम्हीच काढलंय ना? बॅटरीचं वजन म्हणून टायर जास्त भाराचा, रेंज मिळावी म्हणून कमी ओढीचा, असला टायर जरा कडकच असणार, आणि टायरच्या आतली हवा स्वतःच २०० हर्ट्झच्या आसपास घुमते, हे मला आमच्या टायरवाल्यानं चहा पिता पिता सांगितलं. काही कंपन्या म्हणूनच टायरच्या आतून फोमचा पट्टा चिकटवून देतात. तुम्ही दिलाय? नाही दिला. ब्रोशरमध्ये ॲकॉस्टिक, म्हणजे आवाज अडवणारी, काच लिहिलीय, ती निघाली फक्त पुढची. मागची माणसं काय सामान आहेत?

मग मीच मागं लागलो. हवा बघितली, डिलिव्हरीलाच ४० भरलेली, स्टिकरवर ३३. ३३ वर आणली, दणके कमी झाले, आवाज तसाच. चाकं पुढं-मागं फिरवली, तसाच. बेअरिंग म्हणावं तर मोकळ्या रस्त्याला स्टिअरिंग डावीउजवीकडं हलवून बघितलं, सूर बदलत नाही. पाय उचलला, दाबला, फरक नाही, म्हणजे मोटर-गिअर पण नव्हे. नव्या डांबराच्या पट्ट्यावर आला की कमी, काँक्रीटवर चढला की जास्त. वारा म्हणावं तर एका रविवारी दारांच्या सगळ्या फटी आणि आरसे मास्किंग टेपनं बंद केले आणि तसाच किणी टोलपर्यंत गेलो, टोलवरचा पोरगा विचारतोय, 'काका, गाडीला काय लागलंय?' आवाज तसाच. शेवटी डिकीतलं कार्पेट उचललं आणि मागच्या चाकाच्या वरच्या पत्र्यावर बोटानं टिचकी मारली. टण्ण. रिकाम्या तेलाच्या डब्यागत. तीच टिचकी पुढच्या दारावर मारा, ठक असा आवाज येतो. म्हणजे पुढं डॅम्पिंग आहे, पत्र्याचा आवाज मारणारा थर, मागं उघडा पत्रा, आणि चाकाच्या वरचं आतलं अस्तर, तो लायनर, म्हणजे कडक प्लास्टिक, त्यावर खडा उडला की ताशा वाजतो.

मग घरातल्या दोन वाकळा घेतल्या, आईच्या जुन्या लुगड्यांच्या, आणि दोन्ही चाकांच्या वर कोंबल्या. ९० ला ३ डेसिबल कमी. दोन वाकळा! तुमच्या अख्ख्या डिझाइन सेंटरला जे सुचलं नाही ते आमच्या घरच्या गोधडीनं केलं. पण आता मी जन्मभर डिकीत अंथरूण घेऊन फिरू काय? बॅग कुठं ठेवायची?

हे सगळं फोटोसकट दिलं. तर तिसऱ्या वेळेला सर्व्हिस सेंटर म्हणतंय, 'गाडीत दोष नाही, पण आमच्याकडं डॅम्पिंगचं पॅकेज आहे, २२ हजार.' दोष नाही तर औषध कशाचं विकताय? बाहेरून करून घेतो म्हटलं तर वॉरंटी जाईल म्हणे. वा.

आता आजचा फोन. रेकॉर्ड होतोय असं तुम्हीच सांगता, तेव्हा काढा आणि मालकापर्यंत सगळ्यांनी बसून ऐका. आधी १४ मिनिटं ती तुमची धून. मग एक मॅडम. त्यांच्यावर राग नाही, पोरगी स्क्रीनवर येईल ते वाचत होती. 'सर, मी आपली असुविधा समजू शकते. आवाज इंजिनमधून येतोय का?' मी म्हटलं, मॅडम, ईव्ही आहे. मग नुसती टकटक. 'ओके सर, पादचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी गाडीत एक साउंड दिलेला असतो, ते फीचर आहे.' अहो तो भोंगा २० च्या आत वाजतो, हळू आलेली गाडी चालणाऱ्याला कळावी म्हणून, मी १०० चं बोलतोय. मग त्यांनी वरच्या साहेबांना लाइनवर घेतलं आणि इथून पुढं तमाशा.

साहेब म्हणतात, आवाज कुठल्या स्पीडला येतो? म्हटलं ७० पासून. '६० ला?' ६० ला विशेष नाही. 'म्हणजे ६० पर्यंत गाडी नॉर्मल आहे?' आहे. 'मग सर, आपण ६० पर्यंत चालवून बघू शकता का?'

मी दोन सेकंद गप्प. वाटलं चेष्टा करतोय. विचारलं, हायवेला? 'हो सर, त्यानं आपल्याला रेंज पण चांगली मिळेल.' रेंज पण! म्हटलं साहेब, मी पुण्याला निघालोय, पायी दिंडीला नाही. तर न हसता म्हणतात, 'सर, आपलं वय?' ५३. 'काम काय करता?' फौंड्री आहे, शिरोलीला. 'हां... मग सर, मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केल्यानं कधी कधी कानाला त्रास होतो, एकदा तपासून घ्या.'

मी परत विचारलं, काय म्हणालात? तर त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून तेच वाक्य मोठ्यानं, एकेक शब्द तोडून, परत सांगितलं. वर 'आणखी काही मदत करू शकतो का?' मी फोन ठेवायच्या आत मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली काढली आहे, आम्हाला ५ स्टार द्या.'

कानाचं सांगतो. आमच्या धंद्यात कास्टिंगला हातोडी मारून आवाज ऐकतात. चांगला पीस खणखणतो, आतून भेग असली की बद्द बोलतो. तीस वर्षं मी तो फरक ऐकूनच पोट भरतोय. आणि समजा माझे कान गेलेत, तर गेलेल्या कानाला आवाज जास्त ऐकू येतो काय? कमी येईल की! एवढं पण डोकं चालवायचं नाही? आणि फोनच्या ॲपचे कान पण गेलेत काय? आणि आईचे? परत सांगतो, तुमचा एकही माणूस मागं बसलेला नाही.

आमच्या घरातली ही तुमची तिसरी गाडी. पहिली वडिलांनी घेतली होती, तिच्या वेळेला तुमचा मेकॅनिक घरी येऊन बोनेटवर कान लावून बसायचा. त्या कंपनीचं काय झालं मला माहीत नाही, पण आज फोन उचलला ती नव्हे. उद्यमनगरातले तिघंजण तुमचीच गाडी घ्यायच्या बेतात होते, रोज विचारतात कशी आहे. आजपर्यंत 'बरी आहे' म्हणत होतो. उद्यापासून वाकळा दाखवणार.

जिल्हा ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या कायद्यानं राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत २ वर्षं, मला अजून सहा महिने पण झालेले नाहीत. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून ठेवलाय. तसं आता कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच पण झालंय, पण एका पत्र्याच्या आवाजासाठी तिथपर्यंत जायची वेळ आणू नका, लोक आम्हालाच हसतील.

मला गाडी परत करायची नाही. मला मागचा पत्रा डॅम्पिंग करून पाहिजे, फेल्टचा लायनर पाहिजे, आणि टायरचं काय ते बघा, सगळं वॉरंटीत, २२ हजाराचं नाव न काढता. आणि त्याआधी एक करा. येत्या रविवारी सकाळी ७ ला तावडे हॉटेलच्या चौकात मी गाडी घेऊन उभा असतो. ज्या साहेबांनी कान तपासायला सांगितले त्यांनाच पाठवा, नाही जमलं तर आवाजाचं कळणारा दुसरा कुणी. डिकी रिकामी असेल. पुढं माझ्या शेजारी आई बसेल, तुमचा माणूस मागं. पेठ नाक्यापर्यंत ९० नं जायचं. मधे त्याला काही झालं, थांबावंसं वाटलं, तर त्यानं तसं सांगावं. मला ऐकू आलं तर थांबवतो.