सहल संपल्यावरच्या तासांसाठी: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांसी,
सप्रेम नमस्कार.

मी जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यात आठवी-नववीला विज्ञान शिकवते. यंदा मुलांना घेऊन लोणारला गेलो होतो. शालेय सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, म्हणून आमच्या पालकांना ते झेपलं. त्याबद्दल मनापासून आभार.

उल्कापातानं बेसॉल्टमध्ये पडलेलं, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर ही माहिती पुस्तकातूनही पाठ होते. मुलांनी मात्र निघण्याआधी गाळणकागदाला हळद लावून पट्ट्या केल्या होत्या. काठावरच्या धारेच्या गोड पाण्यात पट्टी पिवळीच राहिली. खाली सरोवराच्या पाण्यात बुडवली, तर लालभडक! हे पाणी आम्लारिधर्मी (अल्कली) आणि अशा पाण्यात हळद लाल होते. 2020 साली हेच पाणी गुलाबी झालं होतं आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं त्यामागचे खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव शोधले होते, हेही मग काठावरच बोलून झालं.

पण सहल खऱ्या अर्थानं अंगी लागली ती घरी आल्यावर. उरलेल्या पट्ट्या हातपंपावर, विहिरीवर, बोअरवर गेल्या. बोअरच्या पाण्यात रंग काही बदलेना. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग आमच्या हंड्याला आतून पांढरा थर कशाचा बसतो?" त्यावरून दुष्फेन पाणी, साबणाचा न येणारा फेस, पाणी उकळल्यावर तळाशी राहणारे क्षार, असं कितीतरी निघालं. हे तास मला इतर धड्यांतून काढावे लागले. सहलीआधी संमतीपत्रं लागतात, नंतर हिशेब लागतो. सुरक्षिततेसाठी कागद हवेतच. पण मुलांनी परत येऊन काय विचारलं, हे कुणीच विचारत नाही.

साहेब, आणखी एक. सहली निघतात डिसेंबर-जानेवारीत. नेमकी तेव्हा ऊसतोडीला गेलेल्यांची मुलं वर्गात नसतात. ती आईबापांबरोबर कुठल्यातरी उसाच्या फडावर, कोपीत म्हणजे तात्पुरत्या झोपडीत असतात. जातील तिथल्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे, तरी सगळीच तिथल्या शाळेत पोचत नाहीत. त्यांचं हे जाणं म्हणजे सहल नव्हे, ते थांबलंच पाहिजे. तोवर, परतलेल्या पोराला आपण फक्त बुडालेल्या अभ्यासाचं विचारतो, हे मला फार लागतं. यंदा एका मुलाला मी फळ्यापाशी उभं केलं. उसाचं चिपाड जाळून कारखान्यात वाफ कशी करतात, ते त्यानं इतकं नीट सांगितलं की उष्णतेचा धडा मी तिथूनच सुरू केला.

माझ्या मागण्या दोनच. सहलीनंतरचे दोन दिवस, मुलांच्या प्रश्नांसाठी, वेळापत्रकात अधिकृत धरावेत. आणि ऊसतोडीहून परतलेल्या मुलांसाठी जुलैत शासनाच्या खर्चानं वेगळी सहल काढू द्यावी. परवानगीचे कागद फिरायला वेळ लागतो, तेव्हा आदेश मे महिन्यातच निघाला तर आम्हाला एसटीची आगाऊ नोंदणी करता येईल.

आपली नम्र,
एक विज्ञान शिक्षिका, जिल्हा जालना