पालोमाची बिस्किटं

सॅन अँटोनियो, टेक्सास

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर ‘दारूवरून सुचलेली बिस्किटं’ एवढं ऐकलंस आणि गप्पच झालीस, म्हणून सगळं नीट लिहून कळवते. बिस्किटांत दारूचा थेंबही नाही, आजीलासुद्धा खुशाल दे.

इथे जुलैत पारा ३८ अंशांच्या पुढे जातो. अशा संध्याकाळी आमच्या मेक्सिकन शेजारणीकडे पालोमा नावाचं कॉकटेल होतं. टकिला ही मेक्सिकन दारू, ग्रेपफ्रूटचा सोडा, लिंबू, भरपूर बर्फ आणि ग्लासच्या कडेला मीठ. मी टकिला न घालता घेते. ते मीठ शोभेसाठी असेल असं वाटायचं, पण ग्रेपफ्रूटचा कडवटपणा तेच मऊ करतं. आजी पपनसाच्या फोडींना मीठ लावते ते याचसाठी! दोन्ही फळांत नारिंजिन नावाचा तोच कडू घटक असतो, कारण ग्रेपफ्रूट हे पपनसाचंच लेकरू. अठराव्या शतकात बार्बाडोस बेटावर पपनस आणि गोड संत्रं यांचा संकर झाला, त्यातून हे आलं. लाल गराची रूबी रेड जात १९२९ साली इथल्याच मॅकअ‍ॅलनजवळ सापडली, आणि १९९३ पासून ग्रेपफ्रूट टेक्सासचं अधिकृत फळ आहे. लिंबंही मेक्सिकन दुकानातून आणते, आपल्या कागदी लिंबाच्याच जातीची, लहान आणि पातळ सालीची.

तू गणपतीवरच्या माटवीला बांधतेस त्या पपनसाची करून बघ. फक्त वरची पिवळी साल बारीक किसणीवर किसायची. खालचा पांढरा भाग अजिबात येऊ देऊ नकोस, तो कडू जहर. एक मोठा चमचा कीस आणि एका लिंबाची साल ९० ग्रॅम पिठीसाखरेत बोटांनी चांगली चोळ. सालीतलं तेल सुटून साखर ओलसर होते आणि हाताला दिवसभर वास राहतो. सगळा स्वाद त्या तेलात असतो. रस पिठात घालायचाच नाही, पीठ चिकट होतं. मग त्यात २०० ग्रॅम लोणी फेस, २६० ग्रॅम मैदा आणि चिमूटभर मीठ घालून हलक्या हाताने गोळा कर. नानकटाईसारखं मळलंस तरी चालेल, फक्त जास्त मळू नकोस. लांबट नळा वळून तासभर फ्रिजमध्ये ठेव. नंतर जाड साखर आणि थोडं भरड मीठ ताटात पसरून नळा त्यात लोळव आणि बोटाच्या जाडीने चकत्या काप. प्रत्येक चकतीला ग्लाससारखी खारट-गोड कड येते. मला यातलं सर्वांत आवडतं ते हेच. ओटीजीत १७५ अंशांवर १२ ते १४ मिनिटं, कडा जरा बदामी झाल्या की बाहेर काढ. गरम असताना मऊ लागतात, गार झाल्यावर खुसखुशीत होतात.

आता महत्त्वाचं. बाबांना ही देऊ नकोस. ग्रेपफ्रूट आणि पपनसातले काही घटक आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम अडवतात, मग अटॉर्व्हास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या रक्तात जास्त चढतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गणपतीत पपनसाच्या फोडीही नकोत. त्यांच्यासाठी पुढे नागपुरी संत्री बाजारात आली की त्यांच्या सालीची वेगळी कर, लिंबू न घालता. आणि त्यांच्या गोळीचं नाव मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव.

आजीला साष्टांग नमस्कार.

तुझी लेक