साम्याची टक्केवारी म्हणजे संपादन नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या चौथ्या वर्षी 'संशोधनासह ऑनर्स' निवडणाऱ्यांना १२ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) संशोधन प्रकल्प आहे. प्रयोग शिकवला जातो; तो लिहायचा कसा, हे मात्र शेवटच्या पंधरवड्यावर ढकलले जाते. त्यातही सगळ्यांची नजर साहित्यचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या टक्केवारीवर, म्हणजे मजकूर इतरांच्या लिखाणाशी किती जुळतो त्या साम्यावर.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, म्हणून मुले ऑनलाइन साधनांतून शब्द फिरवून घेतात. 'ब्रेस्ट कॅन्सर'चे 'बूझम पेरिल' (शब्दशः 'छातीवरचे संकट') झालेले शोधनिबंध छापले गेले आहेत. फ्रान्सचे संगणकशास्त्रज्ञ गीयोम काबानाक आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये असे लेख हुडकून काढले. खरे तर संदर्भसूची आणि सलग १४ शब्दांपर्यंतचे सर्वसामान्य साम्य ही नियमावलीच वगळते. ते न वगळता काढलेला आकडा दाखवून विद्यार्थ्याला घाबरवणे थांबले पाहिजे.

लिहायला सुरुवात प्रस्तावनेपासून केली की गाडी तिथेच अडते. आधी तक्ते आणि आलेख पक्के करावेत. कार्यपद्धती प्रयोग चालू असतानाच लिहावी: द्रावणाची तीव्रता, तापमान, नमुन्यांची संख्या, सॉफ्टवेअरची आवृत्ती. महिन्याभराने यातले निम्मे आठवत नाही. मग निष्कर्ष (प्रयोगात काय आढळले), चर्चा, प्रस्तावना, आणि सारांश व शीर्षक अगदी शेवटी. सारांश आधी लिहिला आणि नंतर तक्ता बदलला, तर दोन ठिकाणी दोन आकडे राहतात. परीक्षकाला हे पहिल्या पानावर दिसते.

संपादन म्हणजे काय, ते एका वाक्यात पाहू. 'तापमान वाढवल्यावर बियांच्या उगवणीत चांगली वाढ दिसली.' व्याकरण निर्दोष, माहिती शून्य. किती तापमान, किती बिया, किती दिवसांनी? समजा नोंदवहीत आकडे आहेत, तर वाक्य असे होईल: 'सातव्या दिवशी २५ अंश सेल्सिअसला ५० पैकी ३१, तर ३० अंशांना ५० पैकी ४४ बिया उगवल्या.' आता 'चांगली' हा शब्द लागतच नाही. नमुना ५० चा असताना '६२.००%' लिहू नये, कारण एका बीमुळे २ टक्के फरक पडतो.

± या चिन्हापुढचा आकडा प्रमाण विचलन (मोजमापे किती विखुरली आहेत) आहे की प्रमाण त्रुटी (सरासरी किती अनिश्चित आहे), हे बहुतेक मसुद्यांत लिहिलेलेच नसते. त्रुटी म्हणजे विचलन भागिले नमुन्याच्या संख्येचे वर्गमूळ; ९ रोपांच्या उंचीचे विचलन ६ सेंमी असेल तर त्रुटी २ सेंमी येते. काय दिले आहे ते न सांगता २ छापले, तर रोपे होती त्यापेक्षा कितीतरी एकसारखी वाटतात.

मसुदा एकाच वाचनात सुधारत नाही. पहिल्या वाचनात परिच्छेदांचा क्रम पाहावा, दुसऱ्यात फक्त आकडे, तेही छापील प्रतीवर पेन्सिलने: कार्यपद्धतीतली, तक्त्यातली आणि आलेखाखालची नमुन्यांची संख्या जुळते का? भाषा सगळ्यात शेवटी. झोटेरोसारखे मोफत साधन संदर्भ आपोआप लावते, पण वेबसाइटवरून चुकीची माहितीही तशीच उचलते आणि शास्त्रीय नावांचे तिरके टंक अनेकदा हरवते. म्हणून सूची हाताने तपासावीच लागते. आणि जो लेख उघडून वाचलेला नाही, तो सूचीत घालू नये.

रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात व्याख्या पाठ करून गुण मिळतात, लेखन येत नाही. विद्यापीठांना आमची मागणी आहे की, या १२ पैकी २ श्रेयांक लेखन आणि संपादनासाठी ठेवावेत. मार्गदर्शकाने खुणा केलेला पहिला मसुदा अंतिम प्रतीसोबत जमा करून घ्यावा आणि तोंडी परीक्षेत दोन्ही शेजारी ठेवून, अमुक वाक्य का बदलले, हे विद्यार्थ्याला विचारावे.

आपले,
पदवी प्रकल्पांचे काही मार्गदर्शक