कर्ज कुणाच्या टेबलावरून घ्यायचं

सांगली

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर त्या बिल्डरच्या साइट ऑफिसातल्या होमलोनवाल्या मुलाचं तू इतकं कौतुक करत होतीस, की मध्ये तोंड घालणं जिवावर आलं. म्हणून लिहितेय.

तो मुलगा बँकेचा नाही. गळ्यातला पट्टा बँकेचा असेल, पण तो डीएसए, म्हणजे एजंट. कर्ज वाटलं गेलं की त्या रकमेवर बँक त्याला कमिशन देते. पोटापाण्यासाठी करतोय बिचारा, त्यात गैर काही नाही. फक्त तुला किती झेपेल हा त्याचा प्रश्न नाही, एवढं ध्यानात ठेव.

‘मॅडम, नव्वद टक्के करून देतो’ असं तो म्हणाला ना? रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीच्या नव्वद टक्के फक्त 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला मिळतात. त्यापुढे 75 लाखांपर्यंत ऐंशीच. तुझा फ्लॅट 62 लाखांचा, म्हणजे 49 लाख 60 हजारांवर बँक एक रुपया देणार नाही. मग वरचे सहा लाख तो आणणार कुठून? एकतर पर्सनल लोन गळ्यात मारणार, नाहीतर करारनाम्यात किंमत फुगवायला सांगणार. दोन्हीला नाही म्हण. स्टँप ड्यूटी आणि नोंदणी फी यात धरलेली नाही, ती आपल्याच खिशातून. करारनाम्यात तुझं एकटीचंच नाव ठेव. खरेदीदार बाईच असेल तर महाराष्ट्रात स्टँप ड्यूटीत एक टक्का सूट आहे, तेवढेच 62 हजार वाचले.

आमच्या शाखेत कर्ज विभागात एक साहेब होते, अख्ख्या स्टाफमध्ये खडूस म्हणून प्रसिद्ध. माणूस समोर बसला की ते कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने यादी लिहायचे. तीन वर्षांचे रिटर्न, फॉर्म सोळा, पगाराच्या स्लिपा, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, आधीच्या खरेदीखतांची साखळी, सगळं एकदम. आणि खाली सही. लोक वैतागायचे, पण त्यांना दुसऱ्यांदा हेलपाटा पडायचा नाही. पलीकडच्या टेबलावरचे साहेब भारी गोड बोलायचे, चहा मागवायचे आणि रोज एक नवीन कागद मागायचे. तोवर बिल्डरची डिमांड नोटीस यायची आणि व्याज चढायला लागायचं. तू माणूस निवडशील तो त्या यादीवरून निवड. टेरेस मंजूर नकाशात आहे का, सातबाऱ्यावर जुना बोजा आहे का, हे जो आधी विचारतो तो तुझी फाइल खरंच वाचतोय.

हल्ली शाखेतला अधिकारी सहसा कर्ज मंजूर करत नाही, मोठ्या बँकांत फाइल त्यांच्या प्रोसेसिंग सेंटरला जाते. ‘सँक्शन कोण करतं, आणि अडलं तर मी कुणाला फोन करायचा?’ असं सरळ विचार. गुळमुळीत उत्तर आलं तर उठ. एकाच वेळी चार बँकांत फाइल लॉगिन करू देऊ नकोस, म्हणजे अर्ज दाखल करू देऊ नकोस, प्रत्येक चौकशी सिबिलवर, म्हणजे तुझ्या कर्जांच्या नोंदवहीत, उमटते. आणि कितीही भला माणूस भेटला तरी त्याची बदली होतेच. तो तोंडी जे कबूल करेल ते ईमेलवर मागून घे.

आता सह्यांचं. एजंट फॉर्मचा गठ्ठा आणतो आणि सह्यांच्या जागी आधीच पेन्सिलीने बारीक फुल्या मारलेल्या असतात. आपण फुली दिसेल तिथे सही करत सुटतो. त्या गठ्ठ्यात मध्येच एक विम्याचा फॉर्म असतो, एकरकमी हप्त्याचा, आणि तो हप्ता कर्जातच मिळवलेला. समज, तीन लाख. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांत त्याचे सव्वासहा लाख होतात. हा विमा घेण्याची सक्ती बँकेला करता येत नाही. हवा असेल तर साधा टर्म प्लॅन बाहेरून घे. रिकाम्या रकान्यांखाली सही करायची नाही, हे तुला शाळेपासून सांगत आलेय.

व्याजदराचं थोडक्यात. बँकांचा फ्लोटिंग दर 2019 च्या ऑक्टोबरपासून रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) बाहेरच्या दराला जोडलेला असतो, हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ते बंधन नाही. त्यामुळे आजचा दर ऐकून हुरळून जाऊ नकोस, स्प्रेड, म्हणजे त्या बाहेरच्या दरावर बँक लावते तो जादा टक्का, किती ते विचार. पन्नास लाखांवर साडेआठ आणि नऊ यांत महिन्याला सोळाशेच्या आसपास फरक पडतो, वीस वर्षांत पावणेचार लाखांच्या वर. फ्लोटिंग कर्ज मध्येच फेडलं तरी दंड नसतो, तेव्हा बोनस आला की भरत जा.

1 ऑक्टोबर 2024 पासून बँकेला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावंच लागतं. सगळे आकार, खरा वार्षिक दर, सगळं त्यात असतं, आणि त्यात नसलेला आकार तुझ्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. विचार करायला निदान तीन कामाचे दिवस मिळतात. ‘आजच सही करा, ऑफर संपतेय’ म्हणाला तर हसून ‘बरं’ म्हण आणि घरी ये.

ते स्टेटमेंट हातात पडलं की आधी मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, फोटो सरळ काढ, मागच्या वेळी अर्धी पानं कापली गेली होती. बाबा विचारतायत, टोकन देऊन झालं का? दिलं असेल तर पावती घे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, त्या हिशेबाने रजा टाक.

तुझी,
आई