शेजाऱ्याची हरकत कोणत्या फायलीत लावायची?

महोदय,

आमच्या घराला लागून असलेल्या भूखंडावरचे बैठे घर पाडून तेथे आता चार मजली इमारत उभी राहत आहे. शेजाऱ्यांनी घर वाढवू नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही. त्यांचा आमचा तीस वर्षांचा घरोबा आहे आणि या प्रकरणातही तो टिकून आहे. माझी तक्रार आहे ती नगरपरिषदेच्या नगररचना विभागाविषयी. शेजाऱ्यांच्या बांधकाम परवानगीचा अर्ज या विभागाने जागेकडे धड न पाहताच मंजूर केला आणि माझी हरकत तर वाचल्याचीही खूण कोठे नाही.

माहिती अधिकारात मिळालेल्या मंजूर नकाशात समोरचा रस्ता सहा मीटर रुंद दाखवला आहे. विजेच्या खांबापाशी मी स्वतः टेप धरला, तेव्हा तो चार मीटर वीस सेंटिमीटर भरला; त्याच खांबापाशी कचऱ्याच्या घंटागाडीला रोज मागेपुढे करावे लागते. हा फरक किरकोळ नव्हे, कारण २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत किती चटई क्षेत्र (म्हणजे एकूण किती बांधकाम करण्याची मुभा) मिळणार हे रस्त्याच्या रुंदीशी बांधलेले आहे. बाजूचे सामासिक अंतर, म्हणजे हद्द आणि इमारत यांमध्ये सोडायची मोकळी जागा, नकाशात दीड मीटर असताना प्रत्यक्षात कॉलम आमच्या कुंपणभिंतीपासून नव्वद सेंटिमीटरवर उभे आहेत. स्थळपाहणी अहवालात मात्र ‘जागा नकाशाप्रमाणे आढळली’ एवढी एकच ओळ असून सोबतचा फोटो भलत्याच भूखंडाचा आहे. त्यात एक ऐसपैस पिंपळ दिसतो. आमच्या गल्लीत पिंपळ नाही.

मी विभागाला हरकतीचे पहिले पत्र दिले तेव्हा शेजारी केवळ पायाचे खड्डे खणले होते. जोते तपासणीच्या, म्हणजे पाया जोत्यापर्यंत आल्यावर होणाऱ्या पाहणीच्या, वेळी कोणी टेप घेऊन आले असते, तरी सर्व काही तेथेच उघड झाले असते. त्यानंतर आणखी तीन पत्रे दिली. प्रत्येकावर आवक शिक्का मिळाला, उत्तर एकाचेही नाही. चौथ्या खेपेस टेबलावरच्या लिपिकाने प्रामाणिकपणे सांगितले, की अर्जदाराची फाइल संगणकावर चालते आणि तुमची पत्रे कागदावर असतात, त्यामुळे ती त्या फायलीला लागतच नाहीत. पाच महिन्यांत मला विभागाकडून मिळालेले हे एकमेव समाधानकारक स्पष्टीकरण होय.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अर्जदाराची काळजी घेतो. साठ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर नियमांत बसणाऱ्या कामाला परवानगी मिळाली असे कलम ४५ नुसार मानले जाते आणि नकार मिळालाच, तर कलम ४७ खाली त्याला चाळीस दिवसांत अपील करता येते. हरकत घेणाऱ्या शेजाऱ्याला अशी कोणतीही मुदत अथवा अपील नाही. त्याच्या हाती उरते ते पत्र आणि फार तर न्यायालय. शिवाय दिलेली परवानगी मागे घेण्याचा कलम ५१ मधील अधिकार काम बरेच पुढे गेल्यावर वापरता येत नाही. म्हणजे विभाग जितका काळ गप्प बसेल, तितकी चुकीची परवानगी आपोआप पक्की होत जाते. माझ्या माहिती अर्जाचे उत्तर तीस दिवसांत यायला हवे होते, ते प्रथम अपिलानंतर आले, आणि तेवढ्या अवधीत तिसऱ्या मजल्याचा स्लॅब पडला.

मुख्याधिकाऱ्यांकडे माझी मागणी एवढीच आहे, की दोन्ही घरांच्या उपस्थितीत रस्त्याची व सामासिक अंतराची मोजणी करावी, तिचा पंचनामा दोघांनाही द्यावा आणि माझ्या चारही पत्रांवर लेखी निर्णय होईपर्यंत या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. मोजणीत मी चुकीचा ठरलो, तर तसे याच स्तंभातून कळवीन.

आपला,
एक रहिवासी
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)